येळवशीचा पंचनामा

आमच्या घरात दोन कालगणना नांदायच्या, आन् भांडण झालेल्या दोन जावा एका चुलीवर रांधूनही जशा बोलत नाहीत, तसं त्यांचं होतं. एक अव्वाची. अव्वा म्हणजे माझी आई. आज एकादस, परवा प्रदोष, पुनवेला अमक्याचा उपास, अवसेला तमक्याचा नैवेद्य, हे सगळं तिच्या तोंडावर. कॅलेंडर म्हणून काही असतं हे तिला मरेपर्यंत पटलं नाही. दुसरी सरकारची. निझामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली महिने चालायचे; आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशी त्यांची नावं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ बसलिंगप्पा, बिदरला उर्दू शिकून आलेला होता. गावातल्या लोकांच्या अर्ज्या तोच लिहायचा, आन् लिहिताना तारीख मोठ्यानं म्हणायचा. अव्वा चुलीपाशी बसून विचारायची, "बहमन म्हंजे कंच्या अवसेच्या अल्याड-पल्याड रं?" अण्णा म्हणायचा, "अव्वा, सरकारला अवस न्हाई आन् पुनव बी न्हाई." मग दोघं हसायचे आन् तो विषय तिथंच राहायचा.

आमचं गाव चिंताकीपासून दोन कोसांवर. घरात मराठी, देवापुढं कानडी, सरकारी माणसापुढं मोडकीतोडकी दखनी. अप्पा पहाटे लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत, आन् त्यांची पूजा संपायला आन् शेजारच्या मानप्पा सुताराचा वाकस लाकडावर पडायला एकच गाठ पडायची. मानप्पाचं अंगण आन् आमचं परसू यांच्या मधे कमरेएवढी दगडी भिंत होती. त्या भिंतीवरून ताक जायचं, विस्तू यायचा, दोन्ही घरच्या बातम्या जायच्या-यायच्या. मी तेव्हा पंधराची असेन. अण्णानं मला अलिफ-बेपासून सगळी उर्दू अक्षरं शिकवली होती. का, तर त्याला घरात कुणीतरी कागद वाचणारं पाहिजे होतं आन् अप्पांना तर कागद बघितला की घाम फुटायचा. पोरीला उर्दू शिकवतो म्हणून भावकीनं नावं ठेवली. अण्णा म्हणाला, ठेवा. मी हट्टी होते, तोंडाळ होते आन् वाचायला येतं याची मला भारी घमेंड होती. ती अजून आहे. नातवंडं म्हणतात आजीपुढं पेपर मोठ्यानं वाचू नका, ती चुका काढते.

आमच्या भागाच्या पोलिस नाक्यावर एक अमीन आला होता. अमीन म्हणजे पोलिसातला फौजदार. हा शहरातला, हैदराबादेकडचा. शेतं त्याला फक्त घोड्यावरून दिसायची. दौऱ्यावर आला की गावानं वेठ करायची. घोड्याला वैरण, शिपायांना दूध, साहेबाला कोवळं कोकरू. हणमू धनगरानं एकदा कोकरू नाकारलं. त्याच्याकडं एकच उरलं होतं आन् ते लेकीच्या नवसाचं होतं. अमिनानं त्याला भर चावडीपुढं वेताच्या छडीनं मारलं. गाव बघत होतं. मीही बघत होते. कुणी एक शब्द काढला नाही. अण्णानं मात्र त्याच संध्याकाळी अर्जी लिहिली, मारलं कुणी, कुठं, किती जणांदेखत, सगळं, आन् बिदरच्या वरच्या पोलिस साहेबाला पाठवली. अप्पांनी डोक्याला हात लावला. "पाण्यात राहून माशाशी वैर कामून करायलास बाबा?" म्हणाले. अण्णा म्हणाला, "अप्पा, सरकारचाच कायदा हाय, मारायचं न्हाई म्हणून. म्या कुठं नवा केला?" पण त्या काळची रीत अशी की तक्रार ज्याच्यावर असेल त्याच्याकडंच ती खुलाशाला उतरायची. अर्जी महिन्याभरात फिरून अमिनाच्याच टेबलावर येऊन पडली. खाली अण्णाची सही, चांगली मोठी, वळणदार.

मग येळवस आली. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माझ्या पुण्याच्या सुनेलाही ती सांगावी लागली होती. मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्याकडं गाव म्हणून काही उरतच नाही. घरादारांना कड्या घालून झाडून सगळी माणसं शेतात जातात. म्हातारी, बाळंतिणी, आजारी, सगळी गाडीत घालून. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडून पूजायचे, आन् आंबील पानानं शिंपडत शेताला फेरी घालायची. म्हणताना अर्ध्या कानडीतला घोष असतो, त्याचा अर्थ कुणालाच पुरता माहीत नाही. मग जेवण. पावटा, हरभरा, तूर, वाटाणे, मेथी, चुका, जे जे हिरवं असेल ते सगळं एका हंड्यात शिजवून बेसन लावलेली भज्जी. बाजरीचे उंडे. तिळाची पोळी. आन् आदल्या दिवशी मडक्यात घातलेली ज्वारीची आंबील, ताकातली, लसणाची, आंबट, थंडगार. ज्याला शेत आहे त्यानं ज्याला नाही त्याला बोलवायचं. मानप्पा सुताराला शेत नव्हतं, तो दर साली आमच्याच कोपीत जेवायचा. तेल्याचा बाबूही यायचा. त्या वर्षीही दोघं आले. मीच वाढत होते. मानप्पानं तीन लोटे आंबील प्याली आन् चौथ्याला नको नको म्हणत लोटा पुढं केला. दिवस कलला तशी मंडळी बैलगाड्यांतून परत फिरली. गाणी चालली होती, अण्णा गाडीच्या मागं पाय सोडून बसला होता. सुखाचा दिवस होता तो, दुसरा शब्द नाही.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी अण्णा चिंताकीला गेला होता. तिथं भर बाजारात शिपायांनी त्याच्या कमरेला दोर लावला. शेजारगावच्या एका सावकाराच्या घरी चोरी झाली होती, चांदीचे तोडे आन् वाळे गेले होते, आन् अमीन म्हणे की ते बसलिंगप्पाच्या गोठ्यात पुरलेले निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आमच्या गोठ्यात कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं, कुदळ लागलेली नव्हती, शेणाचा पोही हलला नव्हता. अप्पा नाक्यावर गेले तर त्यांना बाहेरच बसवून ठेवलं. पंधरा दिवसांनी आम्ही अण्णाला बिदरच्या तुरुंगात भेटलो. त्याचे तळपाय सुजून काळे पडले होते आन् तो भिंतीला पाठ टेकवू शकत नव्हता. अव्वानं त्याच्या पायांकडं बघितलं आन् ती जाळीला धरून खाली बसली. अण्णा म्हणाला, "अव्वा, कबुलीवर सही केली न्हाई. हाताची बोटं धड हायेत." मला त्या वेळी अमिनाचा गळा दाबावासा वाटला. आजही वाटतो, आन् तो माणूस मरून चाळीस वर्षं झाली असतील.

आता एक गोष्ट सांगते जी मला सांगायला लाज वाटते. अण्णाला धरल्यानंतर चार दिवसांनी अमीन गावात आला होता. तो आला मानप्पाच्या अंगणात. मी परसात भांडी घासत होते. भिंतीवरून दिसलं: शिपायानं मानप्पाचा अंगठा धरला, शाई लावली, आन् एका कागदावर खाली उठवला. मग बाबू तेल्याचा. कागद वरून खालपर्यंत कोरा होता. मी ते बघितलं आन् भांडी घासत राहिले. कामून? कारण तसंच करत असत. सरकारी माणूस आला की कागद पुढं करायचा, आपण अंगठा द्यायचा, काय लिहायचं ते तो मागाहून सवडीनं लिहायचा. आमच्याकडं सगळ्यांनाच वाटायचं की अंगठा ही सरकारला द्यायची गोष्ट आहे, वैरण देतात तशी. अक्षरं शिकलेली, घमेंडखोर, आन् मला एवढंही सुचलं नाही की कोरा कागद कधी कोरा राहत नाही.

बिदरला अप्पांनी वकील केला तो दस्तगीर वकील. उंच, वाकलेले, सतत खोकणारे, अंगावर जुनी शेरवानी. अप्पा त्यांच्या ओट्यावर बसूनही म्हणत होते, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनत्यात साहेब." दस्तगीर वकील म्हणाले, "हौ अप्पा, वो कहावत चोरांने बनाए." खटल्यातला मोठा कागद म्हणजे पंचनामा. त्यात लिहिलं होतं की अमुक दिवशी भर दुपारी अमिनानं दोन पंचांसमोर आमच्या घराची झडती घेतली, गोठा खणला, मुद्देमाल निघाला. मुलजिम, म्हणजे आरोपी अण्णा, फरार होता, तो पुढं बाजारात सापडला. आमचं म्हणणं, असं काही झालंच नाही. पण आम्ही पडलो मुलजिमाच्या घरचे. एका बाजूला दोन पंचांचे अंगठे आन् अमिनाची सही, दुसऱ्या बाजूला अव्वाचं रडणं. वकीलसाहेब म्हणाले, पंच फुटले तरच काही होईल, आन् पंच तर अमिनाच्या नावानंच थरथरतात.

मी पंचनाम्याची नक्कल मागितली. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, कौतुकानं की गमतीनं कोण जाणे, आन् कागद दिला. वकील लोक कागद झरझर वाचतात. मी एकेक अक्षर बोटानं दाबत वाचायची, त्यामुळं माझ्या हातून काही सुटत नसे. त्यात होतं की गावचे लोक जमा झाले होते, बायका आडावर पाणी भरत होत्या, मुलजिमाची आई दारात उभी राहून ऊर बडवत होती. अव्वाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी? कवा? मी कवा ऊर बडवला?" कवा. तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. मी तारखेकडं आले. अटकेच्या कागदावर बहमनची एक तारीख होती, पंचनाम्यावर तिच्या तीन दिवस आधीची. आधी माल सापडला, मग माणूस धरला, असा क्रम लागावा म्हणून अमिनानं मागची तारीख घातली होती. अटक बाजारच्या दिवशी, गुरुवारी. मी बोटांवर मोजलं. बुधवार, मंगळवार, सोमवार. सोमवारी काय होतं? अव्वाला विचारलं. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला वेड लागलंय. "सोमवती होती की गं. येळवस."

वकीलसाहेबांनी फळीवरून जंत्री काढली. जंत्रीत सगळ्या कालगणना शेजारी शेजारी छापलेल्या असतात, फसली, हिजरी, इंग्रजी, आन् शेवटच्या खणात तिथी. त्यांनी बोट सरकवत नेलं आन् अवसेवर थांबवलं. मला म्हणाले, "अवस है. तो? इससे क्या हुआ?" बिदर शहरातला माणूस, त्यांनाही माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्या दिवशी गावात बायका आडावर पाणी भरत नाहीत, आडावर कुणी नसतंच. अव्वा दारात नव्हती, दाराला कडी होती. आन् या कागदावरचे दोन्ही पंच आमच्या कोपीत जेवत होते, मीच वाढलं. वकीलसाहेब खोकायचे थांबले. मग हळूच हसले आन् अप्पांना म्हणाले, "अप्पा, तुमची पोरगी मेरी सनद ले लेगी." असा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला. पुढं मुलं झाली तेव्हा झाला, पण त्यात कळाही होत्या.

मुन्सिफसाहेबांची अदालत म्हणजे उंच छताची, चुन्याचा वास येणारी खोली. बायका व्हरांड्यात. मी खिडकीच्या गजाला नाक लावून उभी. आधी अमीन पिंजऱ्यात आला आन् त्यानं सगळं ठासून सांगितलं: तारीख तीच, वेळ दुपारची, गाव गोळा झालेलं, आई ऊर बडवत होती. वकीलसाहेबांनी प्रत्येक गोष्ट त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतली आन् "शुक्रिया" म्हणून बसले. अमीन मिशीला पीळ देत उतरला. मग मानप्पा. त्यानंही मान खाली घालून म्हटलं की झडती बघितली, चांदी बघितली. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. माझ्या हातची भज्जी खाऊन असं बोलतोस, मेल्या.

वकीलसाहेब उठले. पंचनाम्याचं नाव नाही, चांदीचं नाव नाही. मराठीत विचारलं, "मानप्पा, तुमच्याकडं येळवस करतात का?"

"करत्यात की," मानप्पाला हायसं वाटलं.

"या साली तू केली नाहीस म्हणे. गावातच बसून होतास. कुणी जेवायला बोलवलं नाही."

मानप्पाची मान वर आली. तुम्ही आमच्या माणसाला चोर म्हणा, तो मुकाट ऐकेल. पण येळवशीला कुणी बोलवलं नाही म्हणून गावात उपाशी बसला, हे कसं ऐकून घेईल? "कोन म्हनलं असं? येळवशीला गावात कुत्रं बी राहत न्हाई साहेब. बसलिंगअण्णाच्या शेतात जेवलो म्या. दरसाली तितंच जेवतो. हा बाबू बी व्हता."

"काय जेवलास?"

"भज्जी. उंडे. तिळाची पोळी. आंबील तर..." आन् किती लोटे ते तो बोटांवर दाखवायला लागला. मुन्सिफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. ते हैदराबादचे, आंबील म्हणजे काय ते त्यांनी पेशकाराला, म्हणजे अदालतीच्या कारकुनाला, विचारून घेतलं.

"परत कधी आलात?"

"दिवस बुडताना."

"आन् गावात मागं कोण होतं? बसलिंगप्पाची आई?"

"अव्वा? अव्वाच तर पोळ्या लाटायलती कोपीत."

तेव्हा वकीलसाहेबांनी जंत्री उघडली, बोट ठेवलं आन् ती मुन्सिफसाहेबांच्या पुढ्यात नेली. शेजारी पंचनामा ठेवला. मुन्सिफसाहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पुन्हा इकडं. मग त्यांनी मानप्पाला अगदी सौम्यपणे विचारलं की त्या दुपारी तू शेतात जेवत होतास तर या कागदावर तुझा अंगठा कसा आला. पेशकारानं मराठीत सांगितलं. मानप्पानं आपला अंगठा डोळ्यांपुढं धरला. त्याचा चेहरा असा पडला की माझा राग निम्मा तिथंच गेला. "कागुद कोरा व्हता मायबाप," तो म्हणाला आन् रडायला लागला. "म्हागून आला व्हता अमीनसाब. अण्णाला धरल्यावर."

अण्णा सुटला. एवढंच झालं असतं तरी आम्ही नारळ फोडून घरी आलो असतो. पण मुन्सिफसाहेबांनी निकालात लिहिलं की हा कागद खोटा आहे, तो करणारा कायद्याचा नोकर आहे, आन् त्याच्यावर खटला व्हावा. दस्तगीर वकिलांनी ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. अप्पांना ते कळेचना. "अमिनावर? अमिनावर कोन खटला करनार? अमीनच तर खटला करतो." वकीलसाहेबांनी वर अर्जावर अर्ज धाडले. सहा महिने गेले, वर्ष गेलं. अमिनाला आधी मुअत्तल, म्हणजे निलंबित केलं, मग गुलबर्ग्याच्या मोठ्या अदालतीत उभं केलं. दोन आरोप: खोटा पंचनामा, आन् कोठडीतली मारहाण.

गुलबर्ग्याला माझी साक्ष होती. कोरा कागद डोळ्यांनी बघणारी आन् पंचांना वाढणारी मीच. माझं लग्न निंबर्ग्याला ठरत आलेलं. भावकी म्हणाली, कचेरीत उभी राहिलेली पोर कोण करून घेईल. अव्वा म्हणाली, "न करंनात." मी, अव्वा, अप्पा, अण्णा आन् मानप्पा असे गेलो. वाटभर अव्वा माझ्या कानाशी लागलेली होती. "इचारलं तर सांग, अण्णाला मारताना म्या बगितलं म्हणून. काय जातंय तुजं? पाय बगितलेस न्हव्हं?" पाय मी बघितले होते. मारताना बघितलं नव्हतं. पण माझ्या मनात कसलाच किंतु नव्हता. बिनदिक्कत खोटं बोलायचं मी ठरवलं होतं आन् त्यात पाप आहे असं मला वाटत नव्हतं. त्यानं आमच्यावर खोटं लिहिलं, मी त्याच्यावर खोटं बोलेन, फिटंफाट.

अदालतीच्या चोपदारानं पुकारा केला. अमिनाचं नाव घेतलं, आन् पुढं 'वल्द' म्हणून बापाचं नाव. साहेब नाही, अमीन नाही, हुजूर नाही. मानप्पा माझ्याकडं वळून बघायला लागला. आमच्यापैकी कुणालाच तोवर त्या माणसाला नाव आहे हे माहीत नव्हतं, बाप तर लांबच. तो आला तो साध्या कपड्यांत, पट्टा नाही, तुरा नाही, आन् आमच्या अण्णासारखाच कठड्यामागं उभा राहिला. त्यालाही वकील होता. मला त्याचा संताप आला. एवढं केल्यावर याला वकील कशाला? अण्णा म्हणाला, "पाहिजेच. मला व्हता न्हव्हं?"

मी पिंजऱ्यात गेले. आंबील, भज्जी, कोरा कागद, सगळं सांगितलं. माझा आवाज चांगला खणखणीत लागला. मग अमिनाचा वकील उठला. गोड बोलणारा, मऊ माणूस. म्हणाला, बेटी, तुझं भावावर फार प्रेम दिसतं. मी म्हटलं, आहे. म्हणाला, मग त्याला मारताना बघून तुला फार दुःख झालं असेल. नाक्यावर गेली होतीस ना तू? मारताना बघितलंस ना?

व्हय माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी अव्वाकडं बघितलं, तिनं मान हलवली. मग अण्णाकडं. त्यानं काही खूण केली नाही. पण तो ज्या तऱ्हेनं बाकावर बसला होता, पाठ न टेकवता, ती सवय त्याला जन्मभर राहिली, ते बघून मला एकदम वाटलं की ज्याचे पाय फोडले त्यानं खोट्या कागदावर सही केली नाही, आन् मला तर इथं कुणी चिमटाही काढला नाही. मी म्हटलं, "न्हाई. म्या मारताना बगितलं न्हाई. म्या नाक्यावर कवाच गेले न्हाई. पाय सुजल्याले बगितले, ते तुरुंगात."

त्या गोड माणसाच्या हातात एक घडी केलेला कागद होता, तो त्यानं परत फायलीत घातला आन् खाली बसला. बाहेर आल्यावर दस्तगीर वकिलांनी सांगितलं तो कागद काय होता. नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद. त्यात त्या महिन्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. मी व्हय म्हटलं असतं तर त्यानं तो कागद काढला असता, मी खोटी पडले असते, आन् माझ्याबरोबर कोरा कागदही खोटा पडला असता. "तेरी एक 'न्हाई' ने उसकू बांद दिए, बेटी," ते म्हणाले आन् खोकत खोकत हसले. अव्वा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, मग म्हणाली, "तुजंच खरं."

निकाल लागला. मारहाणीचा आरोप पुराव्याअभावी सुटला. खोट्या पंचनाम्याबद्दल शिक्षा झाली, नोकरी गेली आन् तुरुंगही. मारहाण सुटली म्हणून मी तिथंच भांडायला उभी राहिले. अण्णा म्हणाला, "नागू, जेवडं शाबीत झालं तेवडीच शिक्षा. माझ्यासाठी आपण हेच मागत हुतो." मला ते पटलं नव्हतं. आज ऐंशी ओलांडल्यावर पटतं, पण खरं सांगते, अर्धंच पटतं. शिपाई अमिनाला आमच्या समोरून घेऊन गेले, आन् मी पदर सावरून ताठ उभी राहिले, नजर खाली केली नाही. त्यानंच केली. आन् निंबर्ग्याच्या मंडळींचं म्हणाल तर माझ्या सासऱ्यांनी आठवड्यात निरोप धाडला: पोरगी पाहिजेच, आमचा बांधाचा वाद अदालतीत पडलाय.

आम्ही गावात परतलो त्या दिवशी वेशीत हलगी होती. हणमू धनगरानं अण्णाला खांद्यावर घेतलं. अप्पा, जन्मभर कागदाला भ्यालेले अप्पा, येणाऱ्या-जाणाऱ्याला निकालाची नक्कल दाखवत होते, उलटी धरून.

माझ्या लग्नाच्या आधीच नवा अमीन गावात आला. कुठल्याशा बैलचोरीचा पंचनामा होता. चावडीपुढं घोंगडी टाकली, शिपायानं शाईची डबी उघडली आन् मानप्पाला हाक मारली. मानप्पा आला. शिपायानं त्याचा हात धरायला हात पुढं केला, तर मानप्पानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"लिवून झालं का?" त्यानं विचारलं.

"मागून लिहू. तू अंगठा दे."

"आदी लिवा," मानप्पा म्हणाला. "मग वाचा. सावकाश वाचा, आमाला समजंल असं. मग अंगठा."

शिपाई अमिनाकडं बघायला लागला. चावडीपुढं निम्मं गाव जमलं होतं आन् कुणी हललं नाही. नव्या अमिनानं मानप्पाकडं बघितलं, मग अण्णाकडं, मग माझ्याकडं. त्यानं घोड्यावरून उतरून घोंगडीवर बसकण मारली, कागद गुडघ्यावर घेतला आन् लिहायला लागला. पुरा लिहून झाल्यावर त्यानं घसा खाकरला, आन् पहिल्या ओळीपासून आम्हाला वाचून दाखवला.